दाराजवळची जागा

"मग स्वतःची शाळा कधी काढू, मास्तर? आणखी काय शिकायचं राहिलंय?"

फिंटननं त्या हिवाळ्यात हे पुन्हा एकदा विचारलं. लॅटिन त्याला पाठ होतं, भूमिती पाठ होती, आणि स्वतःची हुशारी तर त्याहून पाठ होती. पण मास्तर डूगन हो म्हणाल्याशिवाय आयर्लंडच्या त्या मुलखातलं एकही गाव त्याच्या हाती पोरं सोपवणार नव्हतं.

"आज तू शिकव," मास्तर म्हणाले. "मी दुपारी येतो."

शाळा म्हणजे कुंपणाच्या आडोशाला उभी केलेली मातीची झोपडी. आत एक शेकोटी. तिच्यासाठी प्रत्येक मुलानं घरून जळण आणायचं, अशी रीत होती. दलदलीतली माती विटेसारखी कापून वाळवायची, हेच तिकडचं जळण.

फिंटन शिस्तीचा माणूस. ज्यानं वीट आणली तो शेकोटीजवळ, नाही आणली तो दाराशी. नेसाची आई अंथरुणाला खिळलेली. त्या घरात माती कापणार कोण? नेसा दाराशी बसली.

दुपारी मास्तर आले.

"कसं चाललंय?"

"शेकोटीजवळची पोरं चुणचुणीत आहेत. दाराजवळची मठ्ठ. ही नेसा तर... हिला घरी बसवलेलीच बरी."

नेसानं मान खाली घातली. ऐकणाऱ्यालाही वाईट वाटावं, असंच ते बोलणं होतं.

मास्तर दाराशी गेले. तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"हे काय, मास्तर? तुमची खुर्ची इकडे आहे, शेकोटीपाशी."

"मी आज वीट आणली नाही."

फिंटन ओशाळला. तरी नेटानं त्यानं धडा सुरू केला.

"काय म्हणालास?" मास्तरांनी विचारलं. दारातून वारा घोंघावत होता.

फिंटन मोठ्यानं बोलला.

"काय?"

शेवटी तो उठून दाराशी आला. मास्तरांनी नेसाला आणि तिच्याबरोबरच्या पोरांना शेकोटीकडे पाठवलं, आणि सरकून त्याला जागा दिली.

उरलेला धडा तिथूनच शिकवून फिंटननं नेसाची पाटी मांडीवर घेतली. बेरीज मांडू लागला. पेन्सिल बोटांतून निसटली. उचलली. पुन्हा निसटली.

"मास्तर... इथं बोटंच चालत नाहीत."

"हं."

फिंटननं मान वर केली. शेकोटीपाशी नेसा हात शेकत होती.

"मी तिला मठ्ठ म्हणालो..." फिंटन म्हणाला. "मला शिकवता येत नाही, मास्तर."

मास्तर उठले. कपडे झटकले.

"उद्या शाळा काढ."