साठ फेऱ्यांचा मॉनिटर

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं आणि पान हलेल एवढाही वारा नव्हता. गोष्ट किती जुनी, ते काही मला सांगता यायचं नाही. एका वाचनालयात शेवंताबाईंच्या टेबलावर एक म्हातारा मॉनिटर होता. तो सेकंदाला साठ वेळा चित्र नवं करी. पलीकडच्या टेबलावर एकशे चव्वेचाळीस वेळा करणारा नवा मॉनिटर आला, तेव्हापासून म्हाताऱ्याला चैन पडेना.

तो माऊसला म्हणाला, "माझाही आकडा तेवढाच कर की."

माऊस मुळातच खोडकर. "करतो की, आजोबा! हा संगणक चालवणारी आपली लिनक्स म्हणजे बिनकुलपाचं घर, कुणी अडवत नाही. पण बंद पडलात तर बाई भंगारात देतील हं!"

"देऊ देत! दाब तू."

माऊसनं दाबलं आणि मॉनिटर काळाठिक्कर पडला. लिनक्सनं शांतपणे विचारलं, "असंच ठेवू का? पंधरा सेकंदांत 'हो' दाबा, नाहीतर मी जुना आकडा परत आणते."

"मला काही झालेलं नाही! 'हो' दाब!" म्हातारा ओरडला.

"कुठे दाबू? बटण तुमच्याच तोंडावर, आणि तोंड तर काळं झालंय!"

तेवढ्यात दारात शेवंताबाईंच्या चपला वाजल्या. आता मात्र म्हातारा घाबरला. बाई खुर्चीत बसल्या आणि पंधरा सेकंद संपले. साठ फेऱ्यांचं चित्र पुन्हा उमटलं. बाई निवांत पुस्तकांची यादी लिहू लागल्या.

तेव्हा शेजारचा टेबलपंखा हळूच म्हणाला, "मलाही सगळ्यात जोराचं, पाचाचं बटण आहे हो. बाईंनी ते एकदाच दाबलं, पुस्तकांच्या चिठ्ठ्या उडाल्या आणि बाई त्या गावभर वेचत फिरल्या. तेव्हापासून मी दोनावर फिरतो, आणि बाई रोज माझ्यासमोरच बसतात."