सशाची कानटोपी

माळावरच्या ओढ्यालाही नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या लंबू सशाची झोप पान हललं तरी मोडायची. शेवटी सुगरणीने त्याला सावरीच्या कापसाची कानटोपी विणून दिली. ती घालताच वारा, ओढा, किड्यांची किरकिर, सगळं विरून गेलं. लंबू ढगावर निजल्यासारखा तरंगत राहिला.

दुपार कलल्यावर त्याने टोपी काढली. शेजारची टिटवी समोर उभी होती. तिचा आवाज पार बसला होता.

"कोल्हा आला होता. किती ओरडले, पण तू उठेनास. मग पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेलं."

"आणि तुझी अंडी?"

टिटवीने जमिनीतल्या रिकाम्या खळग्याकडे पाहिलं.

"कोल्हे दोन होते," ती म्हणाली. "झोप तरी छान लागली ना रे?"