पहिल्या नावाचे धनी

आमच्या वनस्पती संशोधन केंद्रात सुलभा दाभोळे नऊ वर्षं हंगामी होत्या. आपण लावलेली कोकमं फळलेली डोळ्यांनी पाहता यावीत, एवढ्यासाठी त्यांना कायम व्हायचं होतं.

मुलाखतीत विभागप्रमुख डॉ. टिपणीस समितीसमोर म्हणाले, "बाई, सहा शोधनिबंध, पण पहिलं नाव एकावरही तुमचं नाही!"

सहाही निबंधांवर पहिलं नाव साहेबांचंच होतं. केंद्राची प्रथाच तशी.

"खरंय, सर. मग कोकमाचं रोप नर की मादी, हे आपण चौथ्या निबंधात कसं ओळखलं, ते समितीला तुम्हीच सांगा. शेवटच्या नावानं मध्ये कसं बोलावं?"

साहेबांनी पाणी मागवलं. दोन पेले रिकामे झाले.

कायम नेमणुकीचा कागद मीच टाइप केला. दुसऱ्या दिवशी बाई कोकमांपाशी उभ्या दिसल्या. फळायला अजून तीन वर्षं होती.