बत्तीजवळ थांबलेला काजवा

गावात विजेचा पहिला खांब आला, तेव्हाची ही गोष्ट. “काजवीचा नवरा म्हणे रोज त्या बत्तीकडे…” एवढं बोलून रातकिडी काजवीला बघताच गप्प बसली.

सहा रात्री तो घरी फिरकला नव्हता, आणि काजव्याचं आयुष्य ते केवढं! काजवी तरातरा खांबाशी गेली. नवरा खरंच बत्तीखालच्या पानावर बसला होता, डोळे तारवटलेले.

“अहो, काय बघितलंत त्या गोरीत?”

“गोरी कुठली? अंधार पडायची वाट बघतोय. पडला की निघालोच!”

“सहा रात्री उलटल्या!”

“काहीतरीच! अगं, अजून पहिलाच दिवस मावळायचाय.”

रातकिडीचं निम्मं खरं निघालं. पण सवत असती, तर काजवी तिच्याशी कडाकडा भांडली तरी असती.