पेटीचे आठ कोपरे

नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा सुतार राहत होता. त्याच्या सागवानी पेट्यांना दूरदूरहून मागणी असे. पेटीला सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे. पृष्ठांवर रखमाजी मोर आणि वेली कोरी. कडा घासून त्यांत खाचा पाडणे आणि कोपरे घट्ट सांधणे हे काम त्याच्याकडे कामाला असलेली सोनाई मागच्या पडवीत बसून करी. लोक मोर पाहून वाहवा करीत. सोनाईचे नाव रखमाजीने कधी कोणाला सांगितले नाही.

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. काठावरच राहणाऱ्या गोदाबाई नावाच्या बाईच्या घरात पाणी शिरले. तिने आपल्या दोन्ही तान्ह्या लेकरांना रखमाजीकडून घेतलेल्या पेटीत ठेवले, झाकण उघडेच राहू दिले आणि पेटीची कडा धरून ती पाण्यात उतरली. पण लोंढ्याने तिचा हात सुटला. ती कशीबशी एका झाडाला धरून वाचली. पेटी मात्र खडकांवर आपटत वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी पेटी तीन कोसांवर बाभळीत अडकलेली सापडली. लेकरे आत सुखरूप होती.

ही वार्ता ऐकून राजा गावात आला. त्याने भरसभेत रखमाजीसाठी मानाचे पागोटे मागवले. रखमाजीने सभेत आणून ठेवलेल्या त्या पेटीकडे पाहिले. मोर खरवडून गेले होते, पण एकही सांधा उकलला नव्हता. खरे बोललो तर मान जाईल, हे त्याला कळत होते. तरी तो हात जोडून म्हणाला, "महाराज, फळ्यांवरचं कोरीवकाम माझं. पण लेकरं वाचवली ती कडांनी आणि कोपऱ्यांनी. ते काम सोनाईचं आहे. मी आजवर तिचं नाव घेतलं नाही, ही माझी चूक झाली."

सोनाई कुठे आहे, असे राजाने विचारले. ती संकोचून गर्दीच्या मागे उभी होती; रखमाजीने तिच्याकडे बोट दाखवले. तिला पुढे यायला सांगण्याआधीच गोदाबाई तिच्याकडे गेली आणि दोन्ही लेकरे तिच्या हातांत देऊन म्हणाली, "बाई, ज्यांच्या हाताच्या भरवशावर मी माझी पोरं पेटीत ठेवली, त्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

सोनाईने लेकरांना उराशी धरले. राजाने पागोटे बाजूला ठेवले आणि स्वतः उठून तिला शाल दिली. तिच्यापुढे सर्वांत आधी हात जोडले ते रखमाजीने.

तात्पर्य: जे डोळ्यांत भरते त्याची स्तुती कोणीही करतो, पण ज्यांनी न दिसता आपल्याला सांधून धरले, त्यांचे नाव चारचौघांत घेणे हीच खरी कृतज्ञता.