बाकावर न बसणारा सेंटर फॉरवर्ड

विषय : मंडळाच्या हॉकी संघाचे सेंटर फॉरवर्ड श्री. सुयोग घोलप यांच्या नव्या करारातील कलम ११ बाबत.

संदर्भ : १) श्री. घोलप यांच्याशी मुख्य कार्यालयात झालेल्या सहा बैठका, निष्फळ. २) सातवी बैठक, खडकी येथील मैदानाच्या कडेला.

उपरोक्त विषयास अनुसरून पुढील हकीकत नोंदवण्यात येत आहे.

"बसत का नाहीस?"

शांतवन मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारले होते.

"बरा आहे असाच," सुयोग म्हणाला.

बाक लांबलचक होता. मास्तर मधोमध बसले होते. त्यांच्या एका बाजूला संघाचे व्यवस्थापक कुलथेसाहेब, दुसऱ्या बाजूला मांडीवर फाइल घेऊन मी. तरीही दोन माणसांची जागा उरत होती. सुयोग समोर उभा होता.

समोरच्या मैदानावर पोलिसांचे दोन संघ सरावाचा सामना खेळत होते. मास्तर बोलत सुयोगशी होते, बघत तिकडे होते.

आमचे मंडळ सिमेंटचे पाइप बनवते आणि हॉकीत जिंकते. पाइपांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. हॉकी बहुतांशी सुयोगमुळे होती. त्याच्या मानधनाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत चहा येण्याआधी सुटला. नंतरच्या पाच बैठका कलम ११ वर गेल्या.

हॉकीत खेळाडूला मध्येच बाहेर बोलावतात, चार-पाच मिनिटे बाकावर बसवतात आणि पुन्हा आत पाठवतात. सगळ्यांनाच. त्यात अपमान नसतो, दम खायचा असतो. सुयोगचे कलम म्हणत होते : 'सामन्याच्या साठ मिनिटांत खेळाडूस एकदाही मैदानाबाहेर बोलावता येणार नाही.'

प्रशिक्षकाने हे कलम वाचून नकार दिला. दुसऱ्या एका संघाने ते न वाचताच मान्य केले होते. आमची खेळाडूंची यादी सातव्या बैठकीच्याच संध्याकाळी सहाच्या आत स्पर्धेच्या कार्यालयात पोचायची होती.

कुलथेसाहेबांनी कोणीतरी सांगितल्यावरून शेवटचा उपाय काढला होता. घोलप कोणाचेच ऐकत नाही, पण लहानपणी ज्यांनी त्याच्या हातात स्टिक दिली, त्या मास्तरांसमोर निदान गप्प उभा राहतो. तो उभा होता, एवढे खरे.

"मास्तर, तुम्हीच सांगा याला," कुलथेसाहेब म्हणाले. "माझ्या नोकरीत मी रजा न देण्यावरून भांडणं पाहिली. विश्रांती घ्यायला लावतो म्हणून भांडणारा हा पहिलाच."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

"भाऊसाहेब, कलमात काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवले.

"मग मान्य करा की. लिहा पुढे."

कुलथेसाहेबांचा चेहरा पडला. सुयोगचा उजळला. मी पेन उघडले.

"लिहा," मास्तर म्हणाले, "सामना संपल्यावरही याला बाहेर बोलावता येणार नाही."

"म्हणजे?" सुयोगने विचारले.

"दिवे बंद झाले, लोक घरी गेले, तरी हा आतच. मैदानावर पाणी मारणारा येईल सकाळी, तो याच्या बाजूने मारील."

"मास्तर, थट्टा करू नका."

"कलम तू आणलंस. मी फक्त पूर्ण केलं."

कुलथेसाहेब हसले. सुयोग हसला नाही. मास्तरही हसले नाहीत, म्हणून कुलथेसाहेबांनी हसणे मागे घेतले.

मास्तर पुन्हा सामना बघू लागले.

"किती वाजले?" मास्तरांनी विचारले.

"पावणेपाच," मी म्हणालो.

"चार वाजता आलात तुम्ही. तेव्हापासून यानं अकरा वेळा पाय बदलला. भार डाव्यावर टिकूच देत नाही."

सुयोगने खाली पाहिले. आणि बाराव्यांदा पाय बदलला.

"मास्तर, आपण कराराचं बोलतोय."

"मी पण."

एवढे बोलून मास्तर उठले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, एकदा पुढे झुकले आणि कोणाचा आधार न घेता सरळ उभे राहिले.

म्हातारा माणूस उभा राहिल्यावर बसून राहायचे कसे? कुलथेसाहेब उठले. साहेब उठले म्हणून मी उठलो. फाइलमधला एक कागद खाली पडला. तो उचलायलाही कोणी वाकेना.

मंडळाचे दोन प्रतिनिधी, एक खेळाडू आणि एक मास्तर, असे चौघे जण रिकाम्या बाकाभोवती उभे होतो. लांबून पाहणाऱ्याला आम्ही बाकाचे उद्घाटन करतोय, असे वाटले असावे.

"मास्तर, बसा ना," सुयोग म्हणाला.

"तू बसलास की."

"तुम्ही उभे असताना मी कसा बसू?"

"तू उभा असताना मीही बसायचा नाही."

"असं काय लहान मुलासारखं करता, मास्तर?"

"दोघांपैकी कुणीतरी करतंय खरं."

मास्तरांचे पाय थरथरायला लागले होते. मला दिसले. सुयोगला त्याआधी दिसले असणार.

"मास्तर, बसा. पाया पडतो."

"पाया पडायला वाकावं लागतं. वाकता येतं का अजून?"

सुयोगचा चेहरा एकदम दुसऱ्याच माणसाचा झाला. तो कुलथेसाहेबांकडे पाहायला लागला, मग माझ्याकडे, मग फाइलकडे. मी फाइल बंद केली. एवढे मला कळते.

"बसलो की मांडी आखडते," तो म्हणाला. "डावी. पळत असलो की चालतं. उभं राहिलं तरी निभतं. पण दोन मिनिटं बसलो, तर..."

"तर?"

"उठता येत नाही, मास्तर."

कुलथेसाहेबांनी तोंड उघडले. मास्तरांनी त्यांच्याकडे न बघताच हाताने थांबवले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. बसमधून सगळे उतरल्यावर उतरतो. जेवताना उभ्यानं जेवतो. पोरांना वाटतं, स्टार आहे, घाई असेल..."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणजे कागद. कागद म्हणजे ऑफिस. मग संपलंच. एकदा बाकावर बसलो आणि सगळ्यांसमोर उठता आलं नाही, तर मला पुन्हा आत कोण पाठवेल?"

कुलथेसाहेब सहा बैठका या माणसाला माजोरडा म्हणत होते. सातव्या बैठकीत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"बस," मास्तर म्हणाले.

"मास्तर..."

"माझे पाय दुखतायत रे."

सुयोगने मास्तरांचा दंड धरला. दोघे एकदमच बसले. कोण आधी टेकले, ते सांगता येणार नाही. मग आम्हीही बसलो.

सुयोगने मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की पलीकडे फेऱ्या मारणारा एक गृहस्थ वळून पाहू लागला.

"हुश्श," तो म्हणाला. "किती बरं वाटतं हो बसून!"

"बाकाचा उपयोगच तो आहे."

कोणी कराराचे बोलेना. चौघेही सामना बघत राहिलो. पाच वाजून गेले. मला घड्याळ दिसत होते, पण विचारल्याशिवाय वेळ सांगण्याची आमच्या खात्यात पद्धत नाही.

अचानक सुयोग पुढे सरसावला.

"मास्तर, तो राइट हाफ बघा. एकटा, मोकळा! कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. कधीपासून उभाय तो असा?"

"तू उभा होतास तेव्हापासून."

पुढची पाच मिनिटे सुयोग फक्त त्या राइट हाफकडे बघत होता.

कुलथेसाहेबांना राहवेना. "मास्तर, क्षमा करा, पण सहाला यादी... इथून ऑफिस गाठायला अर्धा तास..."

"हां. चला," मास्तर म्हणाले.

कुलथेसाहेब उठले. मी उठलो. सुयोग उठला नाही. त्याने दोन्ही हात बाकाच्या कडेवर घट्ट रोवले. कपाळावर घाम दिसायला लागला. ज्याची त्याला दोन वर्षे भीती होती, ते आता घडायचे होते, आणि तेही साहेबांसमोर.

मास्तरांनी त्याच्यापुढे हात केला.

"सुयोग, मला उठव जरा. मला उठवत नाही."

"थांबा, मास्तर, थांबा. घाई करू नका."

सुयोगने एका हाताने त्यांचा हात धरला, दुसरा त्यांच्या पाठीमागून घातला. "माझ्यावर भार द्या. सगळा द्या. हां... असं... सावकाश..."

मास्तर उभे राहिले.

सुयोगही उभा होता.

मास्तरांचा तोल सावरण्यात गुंतल्यामुळे ही गोष्ट त्याच्या लक्षात यायला अर्धे मिनिट लागले. लक्षात आल्यावर तो आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी पाय होता.

याच मास्तरांनी काही वेळापूर्वी कोणाच्याही मदतीशिवाय उठून दाखवले होते. मी ते पाहिले होते. नोंद केली नाही.

सुयोगने फाइल मागितली. कलम ११ वर आडवी रेघ मारली, खाली सही केली. कुलथेसाहेबांनी ती सही दोनदा पाहिली आणि मग रस्त्यावर मिळेल त्या रिक्षाला हात केला. रिक्षात बसताना ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, आज मी जेवणार. सहा बैठका झाल्या, नीट जेवलो नाही." यादी सहाला चार मिनिटे कमी असताना पोचली.

दुसऱ्या दिवशी सुयोग डॉक्टरांकडे गेला. कुलथेसाहेब स्वतः सोबत गेले, म्हणजे कागद आधी त्यांच्याच हातात पडला, आणि ऑफिसात तो त्यांनी सांगितल्याप्रमाणेच वाचला गेला. मांडीतला पूर्वी फाटलेला एक स्नायू नीट जुळलाच नव्हता. सात आठवडे उपचार झाले. आता प्रशिक्षक प्रत्येक सामन्यात सुयोगला दोनदा बाहेर बोलावतो. तो येतो. बसतो. उठायला इतरांपेक्षा थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ प्रशिक्षक दुसरीकडे बघतो. आमच्या राइट हाफने त्या हंगामात पाच गोल केले. त्याआधीच्या तीन हंगामांत मिळून एक केला होता.

हंगामाच्या सुरुवातीलाच सुयोगने एक अर्ज दिला. सामन्याच्या वेळी श्री. शांतवन मास्तर यांना संघाच्या बाकावर, अर्जदाराशेजारी बसण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती.

अर्ज प्रशासन शाखेकडे गेला. बाकावर केवळ संघाच्या अधिकृत व्यक्ती बसू शकतात, सबब सदर इसमाचे पदनाम कळवावे, असा शेरा मारून तो परत आला. प्रशिक्षक आमच्याकडे होता. डॉक्टर होता. मालिश करणारा होता. मास्तरांना बसवावे, असे पद मंजूर नव्हते.

मी खडकीला जाऊन मास्तरांनाच विचारले. "पदनाम काय लिहू?"

मास्तर समोरचा सामना बघत होते.

"लिहा," ते म्हणाले, "या म्हाताऱ्याला उठवत नाही."

मी तसेच लिहिले. अर्ज पुढे विधी शाखेकडे अभिप्रायासाठी गेला. त्यानंतर मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. मास्तर तिकीट काढून, जाळीच्या मागे बसून सामने बघतात.

अर्ज प्रलंबित आहे.