सगुणेच्या श्वासातली फौज

एका राज्यात अशी वेळ आली, की राजाची झोप, राणीचे अश्रू आणि वैद्यांची अक्कल एकदमच संपली. चार वर्षांची राजकन्या सगुणा तापाने फणफणली होती. दरबारातून हाकललेल्या एका मांत्रिकाने तिच्या श्वासात मणिचोर, म्हणजे मण्यांएवढे श्वास चोरणारे चोर, सोडले होते. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात.

राजाने म्हाताऱ्या सेनापतीला, निंबाजीला बोलावले. निंबाजीला लढायांचा वीट आला होता, आणि गुडघ्यांना निंबाजीचा. पण सगुणा त्याच्या पाठीवर घोडाघोडा खेळलेली पोर. नाही कसे म्हणणार?

खिडकीतला भारद्वाज पक्षी म्हणाला, "सेनापती, माझे पीस जिभेवर ठेवा, तिळाहून लहान व्हाल. आत कामे तीन. चोर ओळखा. फौज बोलवा. फौज परत पाठवा."

"तिसरे तर सोपे."

"तिसऱ्यातच भलेभले बुडाले."

निंबाजी श्वासाबरोबर आत शिरला. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारखे हवामहाल होते. साखरेचे निसरडे अंगरखे घातलेले मणिचोर जोडीजोडीने हिंडत आणि तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांच्या हातून निसटत. निंबाजीने मूठभर भंडारा उधळला. हळद अंगरख्यांना चिकटली आणि चोर हाती लागू लागले.

मग त्याने शिंग फुंकले. हाडांच्या गाभ्यातल्या छावण्यांतून पांढऱ्या वेशातली कोवळी फौज धावत आली. घनघोर रण माजले, चोर संपले.

निंबाजी पार थकला होता. निरोप देताना 'जा' म्हणू नये, ही आईची शिकवण. तो हात जोडून म्हणाला, "या आता, बाळांनो!"

हाडांत वाढलेल्या पोरांना माणसांची रीत कुठून ठाऊक? 'या' म्हटल्यावर ती आली. मागून आणखी आली. चोर दिसेनात, तेव्हा भिंतीच फोडू लागली. महालांत पू साचला. सगुणेचे ओठ निळे पडले.

निंबाजीला आपली चूक कळली. मांत्रिकाने शापाचा उतारा ठेवला होता तो 'जा' याच शब्दात, भल्या माणसाच्या तोंडून न निघणाऱ्या. आणि एकदा छावणी सोडली की या शिपायांना परतायला घर नव्हते. त्यांना 'जा' म्हणणे म्हणजे मरणाला धाडणे.

"सरकार, हुकूम?" एकाने विचारले.

"जा," निंबाजी म्हणाला, आणि त्याला रडू कोसळले.

शिपायांनी शस्त्रे ठेवली आणि उभे होते तिथेच आडवे झाले. जुन्या पहारेकऱ्यांनी एकेकाला उचलून पोटात घेतले. उरलेल्यांना उचलायला हात पुरेनात; ते महालांतच पडून राहिले. पण शाप तुटला होता. सगुणा जोरात खोकली, निंबाजी बाहेर पडून माणसाएवढा झाला, आणि पोरीने तस्तात घट्ट पिवळा कफ टाकला. ओठांवर लाली आली. "आई, भूक लागली," ती म्हणाली. नगारे वाजले, राजा लहान मुलासारखा हसू लागला.

"शी! हे मोरीत ओतून येते," म्हणत दासी तस्त घेऊन निघाली.

"थांब, बाई," निंबाजी म्हणाला. भिंतीला धरून तो कसाबसा उभा राहिला आणि त्या तस्ताला त्याने वाकून मुजरा केला.